कशावरून? : ज्ञान आणि सत्य यांचा विचार शाळेत असतानाच कसा सुरू करायचा

मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवते. अकरावीला हा विषय घेणारी बरीच मुलं ‘पाठांतर कमी असतं’ म्हणून घेतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे, की ‘तुला हे माहीत आहे, ते कशावरून?’ असं त्यांना तोवर कुणी विचारलेलंच नसतं. खरं तर आठवी-नववीच्या पोरांना हा प्रश्न छान झेपतो. सुट्टीत आमच्या गल्लीतल्या मुलांना घेऊन बसते तेव्हा मी ज्या वाटेने जाते, ती इथे मांडते आहे. शिक्षक नसले तरी अडणार नाही. एक वही आणि तुमचं म्हणणं मुकाट्याने ऐकून न घेणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण, एवढं पुरे.

व्याख्येपासून सुरुवात करू नका. वहीत ‘मला माहीत आहे की…’ अशी दहा वाक्यं लिहा, आणि मुद्दाम वेगवेगळ्या जातीची लिहा. आज वर्गात किती जण गैरहजर होते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला. आई माझ्यावर चिडली आहे. सूर्य दुपारी बाराला डोक्यावर येतो. माझा जन्म अमुक तारखेला झाला. मग प्रत्येक वाक्यासमोर ‘कशावरून?’ लिहून उत्तर द्या. ‘सगळ्यांनाच माहीत आहे’ हे उत्तर बाद. ‘पुस्तकात आहे’ हे चालेल, पण मग पुढचा प्रश्न येणारच : पुस्तक लिहिणाऱ्याला कुठून कळलं?

या पानावर पहिल्याच बैठकीत गंमत सुरू होते. पाण्याचं वाक्य घ्या. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं. पुस्तक खोटं नव्हतं. ‘समुद्रसपाटीच्या दाबाला’ हे शब्द आपण गाळले होते. वहीतल्या दहा वाक्यांपैकी निदान दोन-तीन वाक्यांत अशी एखादी अट गळालेली सापडेल. ती शोधून लिहा.

सर्वांत सोपं वाटणारं वाक्य मात्र सर्वांत खोल निघतं : आपली जन्मतारीख. जन्माला तुम्ही स्वतः हजर होतात, पण साक्ष द्यायच्या स्थितीत नव्हता. म्हणजे ही तारीख तुम्हाला दुसऱ्यांनी सांगितली, नाहीतर दाखल्यावरून कळली.

काकांची जन्मतारीख

महाराष्ट्रातल्या साठी-सत्तरीच्या माणसांना जन्मतारीख विचारत जा. ‘१ जून’ हे उत्तर इतक्यांदा येतं की हसू यावं. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला घेऊन गुरुजींकडे जायचा, जन्माची नोंद नसायची. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की ‘वय झालं’ आणि रजिस्टरात १ जून. माझे धाकटे काका असेच : १ जून १९६७.

आता आजीचं ऐका. ती सांगायची, “कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे हा माझ्या बाजेवर होता. सव्वा महिना व्हायचा होता अजून. त्याला तसाच दुपट्यात गुंडाळून अंगणात आणलं.” कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, याला सरकारी आणि शास्त्रीय अशा दोन्ही नोंदी आहेत. त्या दिवशी काकांचा सव्वा महिना झाला नव्हता, तर त्यांचा जन्म नोव्हेंबरच्या आधीचा असणं कठीण. दाखला खरा धरला तर मात्र ते तेव्हा सहा महिन्यांचे होते. सहा महिन्यांचं मूल पालथं पडून रांगायच्या तयारीला लागलेलं असतं आणि त्याची आई बाळंतिणीच्या बाजेवर नसते.

या एका घटनेवर मी मुलांना तासभर घोळवते, कारण ‘सत्य म्हणजे काय’ या प्रश्नाची तीन प्रसिद्ध उत्तरं इथे हाताला लागतात.

पहिलं उत्तर ॲरिस्टॉटलपासून चालत आलेलं : जे आहे त्याला ‘आहे’ म्हणणं आणि जे नाही त्याला ‘नाही’ म्हणणं, हे सत्य. वाक्य वस्तुस्थितीशी जुळलं पाहिजे. या हिशेबाने ‘काकांचा जन्म १ जूनचा’ हे वाक्य असत्य. बाकी कुणी काही का म्हणेना.

दुसरं उत्तर म्हणतं, की वस्तुस्थिती उघडी करून कुणाच्या हातात येत नाही. आपल्या हाती असतात ती वाक्यं, आणि जे वाक्य बाकीच्या सगळ्या वाक्यांशी सुसंगत बसतं ते सत्य. बघा आता : काकांचा शाळेचा दाखला, आधार, पॅन, रेशनकार्ड, सेवापुस्तक, सगळीकडे १ जून १९६७. इतका सुसंगत पुरावा कोर्टातसुद्धा क्वचित मिळत असेल! पण हे सगळे कागद एकाच गुरुजींच्या एकाच नोंदीवरून उतरले आहेत. पाच कागद म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत. ही गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवा, कारण व्हॉट्सॲपवर तोच निरोप सात ग्रुपवरून आला की आपल्याला सात जणांनी सांगितल्यासारखं वाटतं.

तिसरं उत्तर अमेरिकेतल्या विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. १९०७ मध्ये त्याने ते व्याख्यानांतून पुस्तकात मांडलं. थोडक्यात असं, की जी समजूत अनुभवाच्या कसोटीला उतरते आणि व्यवहारात आपल्याला नीट पुढे नेते, ती सत्य. काकांची तारीख आयुष्यभर बिनतक्रार चालली. त्या तारखेवर नोकरी लागली आणि त्याच तारखेने ते ३१ मे २०२५ ला निवृत्त झाले. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या दिवशीच निवृत्त होतो, म्हणून आपल्याकडे ३१ मे ला निरोपसमारंभांची एवढी गर्दी उडते. तारीख चालली, म्हणून खरी झाली का? इथे मुलांचे दोन तट पडतात आणि मी ते पडू देते. माझं मत विचाराल तर ती चालली ती सोय म्हणून. जेम्सचे पाठीराखे म्हणतील, की आजीच्या आठवणीला घासून बघितल्यावर तीच तारीख अडखळते, म्हणजे ती कसोटीला उतरलीच नाही. हे उत्तरही चांगलं आहे.

तुमच्या घरीही असा एखादा १ जून असेल. त्यांच्याशी बोला. आठवणीतली एखादी सार्वजनिक घटना शोधा, तिची तारीख काढा आणि मागे मोजत जा. आजीच्या आठवणीलाही तोच प्रश्न विचारा : ती भूकंप कोणता म्हणते आहे? तेव्हा धक्के पुष्कळ बसत होते. ‘सव्वा महिना’ हे ती बाकीच्या लेकरांबद्दलही असंच म्हणते का? आजी लाडकी आहे म्हणून तिला सूट नाही.

खरं बोलणं आणि माहीत असणं

आता दुसरी पायरी. मुठीत कवड्या लपवून मित्राला विचारा, किती? तो म्हणाला “पाच”, आणि निघाल्या पाच. त्याला माहीत होतं का? कुणीही ‘हो’ म्हणणार नाही. बाराव्या शतकातल्या श्रीहर्ष या तत्त्वज्ञाने हेच उदाहरण घेऊन भल्याभल्या नैयायिकांना, म्हणजे न्याय या तर्कप्रधान दर्शनाच्या पंडितांना, घाम फोडला होता. अंदाज खरा ठरणं वेगळं आणि ज्ञान वेगळं.

प्लेटोचा ‘थिएटेटस’ नावाचा संवाद याच प्रश्नावर आहे. त्यातला थिएटेटस तुमच्यापेक्षा थोडाच मोठा, गणितात हुशार मुलगा आहे. ज्ञान म्हणजे काय असं सॉक्रेटिसने विचारल्यावर तो आधी यादी देतो : भूमिती, चांभारकाम वगैरे. सॉक्रेटिस म्हणतो, मी ज्ञानाचे प्रकार विचारले नाहीत. मग मुलगा उत्तरं देत जातो. ज्ञान म्हणजे इंद्रियांनी जाणणं. ज्ञान म्हणजे खरी समजूत. शेवटी : ज्ञान म्हणजे कारणासहित खरी समजूत. दुसऱ्या उत्तराला सॉक्रेटिस न्यायालयाचा दाखला देतो. एखादा पटाईत वकील न्यायाधीशांना खरी गोष्ट पटवून देतो, पण ती गोष्ट प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाच कळण्यासारखी असते. न्यायाधीशांची समजूत खरी झाली, पण त्यांना ज्ञान झालं का? तिसरं उत्तरही सॉक्रेटिस टिकू देत नाही आणि संवाद उत्तराविनाच संपतो. मुलं यावर वैतागतात. वैतागू द्यावं.

तरी ते तिसरं उत्तर पुढे पुष्कळ चाललं : गोष्ट खरी हवी, तुमचा तिच्यावर विश्वास हवा, आणि विश्वासाला सबळ कारण हवं. १९६३ मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकन प्राध्यापकाने जेमतेम तीन पानांचा लेख लिहून दाखवलं, की या तिन्ही अटी पुऱ्या होऊनही ज्ञान झालेलं नसतं. त्याची उदाहरणं जरा किचकट आहेत. त्यापेक्षा आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध पंडिताचं घ्या. कुणीतरी मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवला आहे, अजून धूर नाही, पण वासावर किड्यांचा थवा जमला आहे. लांबचा माणूस तो थवा बघतो, त्याला तो धूर वाटतो आणि तो म्हणतो, “तिथे विस्तव आहे.” विस्तव आहे. त्याचा विश्वासही आहे, कारणही आहे. आणि तरी…

असं उदाहरण स्वतः रचता आलं तर विषय समजला म्हणायचा. रीत अशी : आधी एक विश्वासाची खूण निवडा, ती खूण या वेळी फसवी ठेवा, आणि गोष्ट मात्र भलत्याच कारणाने खरी करून टाका. आमच्या नववीतल्या एका मुलीने रचलेलं सांगते. एसटी स्टँडवर आजोबांना डोळ्यांनी कमी दिसतं, ते विचारतात, “साताऱ्याची लागली का गं?” ती ‘सातारा’ पाटीची गाडी आत येताना बघते आणि म्हणते, “लागली.” खरं तर त्या गाडीची पाटी बदलायची राहिलेली असते, ती निघालेली असते आगारात. आणि साताऱ्याची खरी गाडी पाच मिनिटांपासून पलीकडच्या फलाटावर उभी असते. तिचं वाक्य खरं, कारण रास्त. तिला माहीत होतं का? तीन मुलं म्हणाली हो, आजोबांना गाडी मिळाल्याशी कारण.

कळलं ते कोणत्या दाराने

तुमच्या वहीतल्या ‘कशावरून?’च्या उत्तरांचे आता गट पाडा. आपल्याकडे यालाच प्रमाणविचार म्हणतात; प्रमाण म्हणजे ज्ञान होण्याची वाट. किती प्रमाणं मानायची यावर भांडण आहे : चार्वाक एकच मानतात, प्रत्यक्ष. बौद्ध दोन, प्रत्यक्ष आणि अनुमान. नैयायिक त्यात उपमान (सारखेपणावरून ओळखणं) आणि शब्द (दुसऱ्याने सांगितलेलं) घालून चार. भाट्ट मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांतली कुमारिल भट्टांची परंपरा, सहा. आकडे पाठ करू नका, आपल्या दहा वाक्यांतलं कोणतं कुठे बसतं ते बघा. चार्वाकाच्या घरी जन्माला आलात तर तुमची जन्मतारीखच जाते!

प्रत्यक्ष म्हटलं की मुलं निर्धास्त होतात : डोळ्यांनी पाहिलं की झालं. म्हणून मी सूर्याचं वाक्य काढते. सपाट जागी एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस सर्वांत आखूड सावलीसुद्धा नव्वद सेंटीमीटरच्या आसपास भरते. सूर्य अगदी डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, मेच्या तेरा-चौदा तारखेला आणि जुलैच्या अखेरीला. जुलैत ढग काही बघू देत नाहीत. मे महिन्यातही ती वेळ बाराची नसते, साधारण १२ वाजून ३१ मिनिटांची असते, कारण आपली घड्याळं चालतात ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. एवढी वर्षं सूर्य रोज बघून आपण बघितलंच नव्हतं. ‘बाराला डोक्यावर’ हे ऐकीव होतं, आपण ते पाहिलेल्याच्या खात्यात जमा केलं होतं.

पाहिलेलं आणि त्यावरून ठरवलेलं वेगळं काढणं हे या सगळ्यातलं सर्वांत उपयोगी काम आहे. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘ठरवलं’. २१ सप्टेंबर १९९५ चा दिवस घरात मोठ्यांना विचारा. देशभर गणपती दूध प्यायला लागल्याची बातमी पसरली आणि देवळांपुढे रांगा लागल्या. डावीकडे काय येतं? सोंडेला चमचा टेकवला, चमच्यातलं दूध कमी झालं. एवढंच. ‘गणपतीने दूध प्यायलं’ हे उजवीकडे. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं, की पृष्ठताणामुळे ते चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं; पांढऱ्या दगडावर पांढरा ओघळ दिसत नाही. घरी करून बघायचं तर ओला वरवंटा उभा धरा, काठोकाठ भरलेला चमचा त्याला टेकवून किंचित कलता करा. त्या दिवशीच्या माणसांना मूर्ख म्हणू नका. डावीकडचं त्यांनी अगदी बरोबर पाहिलं होतं.

अनुमानाचं जुनं उदाहरण धूर आणि अग्नी. जिथे धूर तिथे अग्नी, या नियमाला व्याप्ती म्हणतात. उलटं करून बघा : जिथे अग्नी तिथे धूर. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, पण धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. ‘क्लास लावला की मार्क वाढतात’ या वाक्यातलं ओलं सरपण कोणतं ते शोधा. बहुधा ते घरी मिळणाऱ्या अभ्यासाच्या वेळेत आणि जागेत सापडेल.

मीमांसकांचं अर्थापत्ती हे प्रमाण मुलांना फार आवडतं. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी गुबगुबीत आहे. म्हणजे रात्री जेवत असणार. काही नसण्याचं ज्ञान कसं होतं, यालाही त्यांनी वेगळं नाव दिलं, अनुपलब्धी. तिची अट तेवढी लक्षात ठेवा : असतं तर दिसलंच असतं, अशी परिस्थिती हवी. टेबलावर डबा नाही हे एका नजरेत कळतं. अडगळीच्या खोलीत साप नाही हे एका नजरेत कळत नाही.

राहिलं शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. आपलं नव्वद टक्के शालेय ज्ञान याच दाराने येतं, तेव्हा त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. नैयायिकांचा मूळ ग्रंथ न्यायसूत्र म्हणतं, आप्ताने केलेला उपदेश तो शब्द. आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट नीट कळलेली आहे आणि जी कळली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायनाने न्यायसूत्रावरच्या भाष्यात पुढे लिहिलं, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू. हे वाक्य मी फळ्यावर लिहिते. माणूस कोण आहे ते नंतर. आधी त्याला कुठून कळलं आणि खोटं सांगण्यात त्याचा काही फायदा आहे का, एवढं विचारा. फॉरवर्ड आला की दोन्ही प्रश्न लावा. बहुतेक फॉरवर्ड पहिल्यालाच गळतात, कारण सांगणारा कोण हेच कळत नाही.

शंका किती घ्यायची

इथवर आलं की एखादं पोरगं हमखास म्हणतं, मग काहीच माहीत नाही असंच म्हणा ना! त्याला १६४१ चा फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त सांगावा : हे सगळं स्वप्न असेल, एखादा लबाड राक्षस मला फसवत असेल, असं म्हणत तो एकेक समजूत काढून टाकत गेला आणि ‘मी विचार करतो आहे’ इथे येऊन थांबला. प्रयोग म्हणून एक संध्याकाळ करायला हरकत नाही. पण नैयायिक उदयनाचार्यांनी त्याच्या सहाशेहून अधिक वर्षं आधी शंकेला जी कुंपणं घातली, त्यांतलं एक मला जास्त पटतं : शंका तिथवरच, जिथे ती तुमच्याच वागण्याशी भांडू लागते. विस्तवाने भात शिजतो का याची शंका आहे म्हणणारा भूक लागली की मुकाट चूल पेटवतो. शंका घेणाऱ्यालाही विचारा, ही शंका कशावरून?

‘प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं’ हे वाक्यही दर बैठकीला येतं. मिसळ कोल्हापूरची चांगली की नाशिकची, यात प्रत्येकाचं वेगळं असू दे. पूल किती टन पेलेल यात तुमचं आणि माझं वेगळं असून चालणार नाही. जैनांचा स्याद्वाद या वाक्याच्या बाजूने उभा करू नका; ‘या अपेक्षेने असं आहे’ असं म्हणताना ते अट जास्त काटेकोर लिहायला सांगतात, महाबळेश्वरच्या पाण्यासारखी.

शेवटी, बैठक चालवायची कशी. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत : खरं काय ते शोधायला केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडणारी वितंडा. टीव्हीवर दुसरा आणि तिसरा रोज बघायला मिळतो. पहिल्यासाठी आमच्याकडे एकच नियम आहे. दुसऱ्याचं म्हणणं खोडायच्या आधी ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि “हो, मला हेच म्हणायचं होतं” असं त्याने म्हटल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. पहिल्या दिवशी अर्धा वेळ यातच जातो. बैठक पाऊण तासाच्या वर ताणू नका, आणि उठताना प्रत्येकाने वहीतलं एक वाक्य खोडून अटीसकट पुन्हा लिहायचं. पुढच्या खेपेला तिथून सुरू करा.